व्यायामाची हजेरी

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली. माझा एचबीए१सी ६.२ आला. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज सांगणारी ही रक्तचाचणी. आकडा ५.७ च्या खाली असला तर चिंता नाही, ६.५ किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह, आणि मधला पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मला ते समजावण्याची गरज नव्हती. माझ्या अम्मीला शुगर होती. तिच्या पायाची जखम आठ महिने भरली नाही, शेवटी दोन बोटं काढावी लागली. त्या आठ महिन्यांतलं ड्रेसिंग मी माझ्या हातांनी केलंय.

त्याच संध्याकाळी मी चालायचा पक्का इरादा केला. नऊ दिवस चालले. दहाव्या दिवशी पाहुणे आले, अकराव्या दिवशी घटक चाचणीचे पेपर आले, आणि चालणं बंद पडलं. मग मिस्टरांनी हप्त्यावर ट्रेडमिल आणली. तिचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्याही ट्रेडमिलवर ओले टॉवेल फार छान वाळतात. मोबाईलवरचे व्यायामाचे व्हिडिओही लावून पाहिले, पण तो मोबाईल पाच मिनिटांत मुलाला हवा असायचा.

हे सगळं मी माझ्या आळसाच्या खात्यावर लिहून टाकलं होतं. पण आज वाटतं, त्यात आळस अर्धाच होता. घरातल्या बाईने स्वतःसाठी काढलेला अर्धा तास कुणाच्याच हिशेबात नसतो. डबा चुकला तर घरभर बोभाटा होतो. चालणं चुकलं तर विचारायलाही कुणी येत नाही, आणि मग आपणही स्वतःला विचारत नाही.

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातल्या शादीखान्यात फक्त स्त्रियांसाठी व्यायामाचा क्लास सुरू झाला. फज्रनंतर पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. शिकवणारी मुलगी बी.पी.एड. झालेली, आणि माझीच जुनी विद्यार्थिनी. सातवीत असताना मी तिला पाढ्यांसाठी उभं केलं होतं. आता ती मला म्हणते, “टीचर, पाठ सरळ. टीचर, श्वास रोखू नका.” मी निमूट ऐकते.

पहिल्या दिवशी आम्ही सव्वीस जणी होतो. सुरुवातीची दहा मिनिटं अंग मोकळं करणं, मग जागच्या जागी चालणं, हात वर-खाली, पाऊल पुढे-मागे, म्हणजे दम लागेल पण बोलता येईल इतपत. गाणं म्हणता आलं तर मेहनत कमी पडते आणि वाक्यही पूर्ण होईना तर जास्त होते, हे माप तिने शिकवलं. आठवड्यातले दोन दिवस ताकदीचे. डंबेल कुणाकडेच नव्हते. एक लिटरच्या बाटलीत पाणी भरलं की एक किलोचं वजन तयार. शेवटी पाच मिनिटं ताण देऊन शरीर थंड करायचं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते. याच संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार, २०२२ साली भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची पुरेशी हालचाल होत नव्हती. पुरुषांपैकी ४२ टक्क्यांची, स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांची. आमच्या वर्गातल्या एक भाभी हे ऐकून म्हणाल्या, “मग आम्ही दिवसभर घरात काय करतो?” प्रश्न रास्त आहे. फरशी पुसणं, पाणी भरणं हीसुद्धा हालचालच आहे आणि ती मोजलीही जाते. पण तासभर उभं राहून पोळ्या लाटल्या तर कंबर दुखते, दम लागत नाही. थकवा वेगळा आणि व्यायाम वेगळा, हे कळायला मलाही वेळ लागला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एकटीने जे जमलं नाही ते सगळ्यांबरोबर कसं जमतं? ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली वल्हवणाऱ्या खेळाडूंवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच बारा खेळाडू, तेच यंत्र, मेहनतही तेवढीच. एकदा एकट्याने आणि एकदा संघाबरोबर. संघाबरोबर वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता एकट्याने केल्यापेक्षा जास्त वाढलेली आढळली. प्रयोग लहान होता, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण शादीखान्यात विसाव्या बैठकीला मांड्या पेटलेल्या असताना शेजारच्या दोघी हसत असल्या की एकविसावी निघते, हे मी रोज बघते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हजेरी. एक दिवस मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी दारातच बासष्ट वर्षांच्या खालांनी अडवलं, “क्या बेटा, कल कायकू नै आए?” बावीस वर्षं मी मुलांची हजेरी घेतेय, माझी कुणी घेतली नव्हती.

या खालांबद्दल थोडं सांगायलाच हवं. गुडघ्यांमुळे त्या चार वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढत होत्या. शिकवणारीने पहिल्या आठवड्यात आम्हा सर्वांची एक साधी परीक्षा घेतली. हात छातीवर घडी करून ठेवायचे आणि तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद कमी समजतात. खालांना सहा जमलं. पाच महिन्यांनी अकरा. बारा अजून झालेले नाहीत. पण एका सकाळी क्लासला आल्या त्या डोळे पुसतच. त्या दिवशी त्यांनी फज्र जमिनीवर पढली होती. सगळ्यांचंच असं होतं असं नाही. वर सांगितलेल्या भाभी अजूनही खुर्चीवरच पढतात. त्यांच्या गुडघ्याची झीज जास्त आहे, आणि डॉक्टरांनी सांगितल्यापलीकडे वाकायला शिकवणारी त्यांना स्वतःच मना करते.

क्लास निवडताना मी हेच पाहीन. शिकवणारी आधी तुमचे आजार विचारते का? जिला जमत नाही तिला सोपा प्रकार दाखवते का? महिन्यात दहा किलो कमी करण्याचं वचन कुणी देत असेल तर फी भरू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा आणि जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच खा. छातीत दुखलं तर तिथेच थांबा. आमच्याकडे आणखी एक नियम आहे, तो मला फार आवडतो. मोबाईल दाराजवळच्या टोपलीत. फोटो नाही, व्हिडिओ नाही. बुरखा काढून मोकळेपणाने हात हलवता येतात ते त्या टोपलीमुळे.

पण तीन महिन्यांतच अडचण आली. आत गाणी लागतात, बायका नाचतात, अशी तक्रार कुणीतरी केली आणि शादीखान्याची किल्ली काढून घेतली गेली. गाणी लागत होती हे खरं. आम्ही ती बंद करतो म्हणालो, आकड्यांवर करू म्हणालो. उपयोग झाला नाही. तीन आठवडे क्लास बंद होता. रस्ता तोच, सकाळ तीच, पायात बूटही नवे. पण त्या तीन आठवड्यांत मी एक दिवसही चालायला गेले नाही. एकटीच्या इराद्याची किंमत मला तेव्हा नीट कळली.

शेवटी खालांनीच त्यांची गच्ची दिली. चारही बाजूंनी हिरवी जाळी बांधली. सव्वीसच्या आम्ही अकरा उरलो, आता सोळा आहोत. गेल्या रमजानमध्ये असरनंतर वीस मिनिटं हलकंफुलकं करत होतो, ज्यांना जमेल त्यांनी. माझा एचबीए१सी मागच्या महिन्यात ५.९ आला. अजून त्या मधल्याच पट्ट्यात आहे. डॉक्टर म्हणाले, जेवणाकडेही बघा. त्यांचंही खरं आहे, बिर्याणीचा हिशेब मी अजून कुणाला दिलेला नाही.

किल्लीसाठी आम्ही पुन्हा अर्ज दिलाय, या वेळी सोळा जणींच्या सह्यांनी. पावसाळा तोंडावर आहे आणि खालांच्या गच्चीवर छप्पर नाही.