हस्तमैथुनात टायमर कशासाठी लावावा?

वीर्यपतनाच्या अगदी जवळ येऊन थांबायचे, उत्तेजना ओसरली की पुन्हा सुरू करायचे, ही पद्धत डॉ. जेम्स सेमन्स यांनी १९५६ मध्ये शीघ्रपतनावरील उपचार म्हणून मांडली. तिचा सराव एकट्यानेही करता येतो. मात्र कधी थांबायचे ते घड्याळ नाही, शरीरच सांगते. टायमर लावा तो विश्रांतीसाठी, साधारण ३० सेकंद, आणि एकूण वेळेसाठी. १५-२० मिनिटे पुरेत. वीर्य रोखल्याने ताकद वाढत नाही आणि घटतही नाही. नंतर वृषणात जडपणा, हलका ठणका जाणवला तर तो साचलेल्या रक्तामुळे असतो. थोड्या वेळात जातो. पण अचानक असह्य वेदना झाल्यास वाट पाहू नका. वृषणाला पीळ पडला असेल, तर साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते.