मंगल परिणयातील बैठकव्यवस्था आणि पाट्या

मंगल परिणयाची पत्रिका छापताना आपण नावांच्या क्रमापासून कागदाच्या रंगापर्यंत सारा विचार करतो. पाहुणा मंडपात आल्यावर बसेल कुठे, हा विचार मात्र मंडपवाला खुर्च्या टाकून गेल्यावर सुरू होतो. ही बाब किरकोळ मानू नये. गावच्या पंगतीत ज्यांना वेगळे आणि शेवटी बसवले जाई, त्यांचीच आपण मुले-नातवंडे आहोत.

एका लग्नात पहिल्या तीन रांगांवर 'राखीव' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पुढारी आलेच नाहीत. विधी संपेपर्यंत त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि वधूची आजी मागे खांबाआड उभी होती.

सुरुवात विधीच्या जागेपासून करावी. बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात बौद्ध विवाहविधी सांगितला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये स्टुलावर पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मडके आणि त्यात सोडलेल्या सुताची दोन टोके दोघांच्या हाती. एवढा साधा विधी शेवटच्या रांगेलाही दिसलाच पाहिजे. म्हणून मंच दोन-अडीच फूट उंच असावा, बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची प्रतिमा त्याहून उंचावर मांडावी आणि फोटोवाल्यांना मडक्यासमोर उभे राहू देऊ नये. विधी लावणारे बौद्धाचार्य व ध्वनिक्षेपक बाजूला असावेत. भिक्खू संघ येणार असल्यास त्यांचे आसन उपासकांपेक्षा उंच, त्यावर पांढरे वस्त्र. भिक्खू मध्यान्हानंतर भोजन घेत नाहीत, तेव्हा भोजनदान बाराच्या आत होईल अशी वेळ धरावी. (मुहूर्त आपण मानत नाही, याचा अर्थ अकराचे लग्न दीडला लावावे असा नव्हे!)

खुर्च्यांचे गणित सोपे आहे. हात नसलेल्या खुर्चीला रुंदीत दीड फूट आणि दोन रांगांमध्ये पाठीपासून पाठीपर्यंत तीन फूट धरावेत. मधली वाट पाच फुटांची ठेवून दोन्ही बाजूंना दहा-दहा खुर्च्या लावल्या तर ३५ फूट रुंदी लागते. कडेच्या वाटा निराळ्या. अशा १५ रांगांत ३०० माणसे बसतात आणि खोली ४५ फूट लागते. मंचापुढे सतरंजी अंथरावी. मुले तिथेच रमतात. पहिल्या दोन रांगा आईवडील, वृद्ध, गरोदर स्त्रिया व चालायला त्रास असणाऱ्यांच्या. बाकी कोणासाठीही 'राखीव' नको, आणि वरपक्ष-वधूपक्ष अशी विभागणी तर मुळीच नको.

पाट्या मोजक्या असाव्यात: प्रवेश, पादत्राणे, पिण्याचे पाणी, भोजन, स्त्रियांचे व पुरुषांचे स्वच्छतागृह. पांढऱ्यावर गडद निळी अक्षरे लांबून वाचता येतात. दहा फुटांना एक इंच हे प्रमाण धरले तर तीस फुटांवरून वाचायला अक्षर तीन इंची हवे. पाटी सात फुटांवर बांधावी, नाहीतर गर्दीत डोक्यांआड जाते. बाण आणि चित्र जरूर काढावे. गावाहून आलेल्या आपल्या आत्या-मावश्यांपैकी सगळ्यांनाच वाचता येते असे नाही. त्यांना विचारायला लाज वाटते आणि त्या तहानलेल्याच बसून राहतात.

तारीख व नावे न घालता या पाट्या प्लायवूडवर रंगवल्या तर पुढच्या लग्नालाही चालतात. असा एक संच संस्थेच्या कार्यालयात ठेवावा व विद्यार्थ्यांनी तो रंगवून द्यावा, अशी सूचना आहे.