रानचिमणी: पिवळ्या कंठाची

घरचिमणीची ही रानातली नातलग. काटेरी झुडपं, बाभळी-बोरी, शेताच्या बांधावरची झाडं हे तिचं कोरडं जग. तुर्कस्तान-इराणपासून भारतापर्यंत पसरलेलं. अंगावर घरचिमणीसारख्या रेघा नाहीत. साधा राखी-तपकिरी रंग, पंखावर पांढरे पट्टे. नराच्या खांद्यावर तांबूस डाग आणि गळ्यावर हळदीचं बोट लावावं तसा पिवळा ठिपका. मादीत तो फिकट, कधी दिसतही नाही.

चोच घरचिमणीपेक्षा सडपातळ. दाणे, किडे ती खातेच, पण पळस-मोहाच्या फुलांतला रसही पिते. तेव्हा कपाळ परागांनी माखतं, आणि एका फुलाचे पराग दुसऱ्यावर जातात. घरटं झाडाच्या ढोलीत, साधारण एप्रिल ते जुलैमध्ये. अंडी बहुधा ३-४.

भारतीय पक्षिशास्त्र या पाखराचं ऋणी आहे. पुढे थोर पक्षितज्ज्ञ झालेल्या सालीम अलींनी लहानपणी मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली चिमणी हीच. १९०८ मध्ये ती ओळखून घ्यायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, मानद सचिव मिलार्ड यांना भेटले आणि तिथेच रमले. १९८५ च्या आत्मचरित्राचं नावही त्यांनी याच चिमणीवरून ठेवलं.

बांधावरचं वठलेलं झाड तोडण्याआधी त्याची ढोली एकदा जरूर पाहा; आत हिचं घरटं असू शकतं.