जलकीटकांचे घरगुती छायाचित्रण : साधने, पद्धती व दक्षता

प्रस्तावना :
तळे, विहीर, भातखाचर किंवा पावसाळी डबके यांत जलकीटकांच्या अनेक जाती वास्तव्य करतात. महाविद्यालयीन स्तरावर त्यांचा अभ्यास बहुधा अल्कोहोलमध्ये जतन केलेल्या नमुन्यांवरून होतो. वर्गीकरणासाठी असे नमुने आवश्यकच आहेत; परंतु त्यांचे रंग फिके पडतात आणि जिवंतपणीचे वर्तन त्यांत उरत नाही. सिबिस्टर हा पाणभुंगेरा शरीराचे मागील टोक पृष्ठभागाशी आणून पंखकवचांखाली हवा साठवतो. काडीसारखा दिसणारा रॅनाट्रा शेपटीकडील लांब श्वसननलिकेने हवा घेतो. डिप्लोनिकस या जलढेकणाचा नर, मादीने त्याच्या पाठीवर घातलेली अंडी पृष्ठभागाजवळ नेऊन त्यांना हवा मिळवून देतो. बाटलीत न टिकणारी ही वर्तने छायाचित्रात टिकतात. त्यासाठी महागडी सामग्री अनिवार्य नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पात्राची रचना :
गोल बरणीच्या वक्र काचेमुळे प्रतिमा विकृत होते. म्हणून खिडकीच्या सपाट काचेचे तुकडे बुरशीनाशकविरहित सिलिकॉनने जोडून सुमारे १५ सें.मी. लांब, १० सें.मी. उंच व ४ सें.मी. रुंद पात्र तयार करावे. सिलिकॉन पूर्ण सुकल्यावर ते अनेकदा धुवावे. निकट छायाचित्रणात स्पष्टतेची खोली काही मिलिमीटरच असते; त्यामुळे पात्रात आणखी एक काच उभी सरकवून कीटकाची जागा १ ते २ सें.मी. इतकी मर्यादित करावी. आधारासाठी धुतलेली वाळू व पाणवनस्पतीची एखादी काडी पुरेशी होते.

नळाचे ताजे पाणी टाळावे. त्यातील क्लोरीन अपायकारक असतो, शिवाय पाणी कोमट होताना विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने काचेवर जमते. कीटक जेथे सापडला तेथीलच पाणी स्वच्छ कापडातून गाळून व काही तास स्थिर ठेवून वापरणे इष्ट.

भिंग व प्रकाश :
५० मि.मी. नाभीय अंतराच्या साध्या भिंगामागे ५० मि.मी. लांबीची विस्तारनलिका लावल्यास वस्तूच्या मूळ आकाराएवढी प्रतिमा मिळते. मात्र अशा वेळी एफ/८ हे छिद्र परिणामतः एफ/१६ इतके ठरते. म्हणून अधिक प्रकाश लागतो. मोबाइलवर बसणारे लहान निकटभिंगही प्राथमिक नोंदीस उपयुक्त आहे. भिंगाचा अक्ष काचेला काटकोनात असावा. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्याने तिरकस कोनातून घेतलेली प्रतिमा पुसट होते व तिच्या कडांना रंगछटा येतात.

दिवा किंवा फ्लॅश भिंगाजवळ न ठेवता वरून अथवा बाजूने द्यावा आणि त्यापुढे ट्रेसिंग पेपर धरून प्रकाश सौम्य करावा. काळ्या पुठ्ठ्याला छिद्र पाडून त्यातून भिंग रोखल्यास कॅमेऱ्याचे प्रतिबिंब काचेत दिसत नाही. पाणी तापवणाऱ्या दिव्याऐवजी एलईडी दिवा योग्य.

नोंद व दक्षता :
छायाचित्राला अभ्यासमूल्य येते ते नोंदीमुळे. दिनांक, स्थळ, जलाशयाचा प्रकार आणि कीटकाच्याच अंतरावर ठेवून टिपलेली मिलिमीटर पट्टी, एवढी माहिती सोबत असावी. केवळ छायाचित्रावरून जात ठरवणे अनेकदा शक्य नसते. अशा वेळी कुल किंवा प्रजाती येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे ठरते. पात्रातील छायाचित्र नैसर्गिक अधिवासातील म्हणून सादर करू नये.

चतुराचे डिंभ, पाणभुंगेरे व जलढेकूण हे भक्षक असल्याने त्यांना स्वतंत्र ठेवावे. जलढेकूण व पाठीवर पोहणारे नोटोनेक्टिडी कुलातील कीटक वेदनादायक दंश करतात; ते जाळीने किंवा चमच्याने हाताळावेत. वाहत्या ओढ्यातील मेफ्लायच्या डिंभांना थंड व प्राणवायूयुक्त पाणी लागते, त्यामुळे त्यांचे छायाचित्रण तत्काळ उरकावे. काम संपताच प्रत्येक कीटक त्याच दिवशी, मूळ जलाशयातच सोडावा.

निष्कर्ष :
सपाट काचेचे अरुंद पात्र, काटकोनात रोखलेले भिंग, बाजूचा सौम्य प्रकाश आणि काटेकोर नोंद या चार गोष्टी साधल्यास घरातील मेजही अभ्यासस्थान बनू शकते. अशी छायाचित्रे जतन केलेल्या नमुन्यांची जागा घेत नाहीत. परंतु नमुन्यात हरवलेले जीवन ती अभ्यासकासमोर आणतात, आणि तेही त्या जिवाचा बळी न घेता.