छोट्या पिकअपमागे मिनी ट्रॅक्टर : ट्रेलर घेण्यापूर्वी वजनकाट्यावर जा

रहिमतपूर, कोरेगाव, मसूर या पट्ट्यात आले, हळद आणि ऊस ही पिके असल्यामुळे सरीत चालणाऱ्या मिनी ट्रॅक्टरला चांगली मागणी असते. ज्याच्याकडे स्वतःची शेती थोडी आहे, पण हात कामाला आहेत, असा तरुण पंधरा-वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेऊन भाड्याने भरणी व रोटाव्हेटर मारून देतो. आपल्या व्यापारी व कारागीर कुटुंबांतील अनेक मुलेही या धंद्यात आहेत. दुकानाची पिकअप दारात उभी असतेच. मग विचार येतो की, तिच्यामागे ट्रेलर जोडून ट्रॅक्टर गावोगाव न्यावा. विचार वाईट नाही. परंतु ट्रेलर निवडताना बहुतेक लोक आधी किंमत विचारतात आणि वजन शेवटी. आमच्या मते सारा घोटाळा येथेच होतो.

आमचा तजुर्बा

चूक आम्हीही केली आहे, म्हणून आधी ती सांगतो. आमच्या दुकानाची पिकअप कापडाच्या गाठी घेऊन आठवडी बाजारांना जात असे. उरलेल्या दिवशी पुतण्याने तिच्यामागे ट्रॅक्टर न्यावा म्हणून आम्ही एका वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलर करून घेतला. जुन्या जीपचा अ‍ॅक्सल, बरोबर मध्यभागी बसवलेला, ब्रेक नाही. स्वस्तात काम झाले म्हणून आम्ही खूश होतो. औंधच्या रस्त्याला एका उतारावर मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागला. मुलाने घाबरून ब्रेक दाबला आणि ट्रेलरने पिकअपला आडवे ढकलून चरात घातले. माणसे वाचली, हे मोठे नशीब. ट्रॅक्टरचा स्टिअरिंगचा रॉड वाकला. विमा मागायला गेलो तर पहिला प्रश्न आला, ट्रेलरची नोंदणी कोठे आहे? ती नव्हती. पैसे मिळाले नाहीत.

कारागिराला दोष देता येणार नाही. त्यावर काय आणि किती ठेवणार, हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. माप न देता कपडा शिवायला टाकला तर शिंप्याने काय करावे?

आधी पाहा : ट्रेलर लागतोच का?

आपल्या पिकअपचे आरसी बुक काढा. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन, असे दोन आकडे असतात. दोहोंतील फरक म्हणजे माणसे व माल मिळून गाडी जेवढे उचलू शकते तेवढे. आता ट्रॅक्टरचे वजन पाहा. महिंद्रा युवराज २१५ चे वजन सुमारे ७८० किलो आहे. कुबोटाचे काही छोटे ट्रॅक्टर सहाशेच्या आसपास भरतात. रोटाव्हेटर दीड-दोनशे किलो. चालक, मदतनीस आणि डिझेलचा कॅन मिळून आणखी दीडशे धरा. म्हणजे युवराजचा हिशेब ७८० अधिक १८० अधिक १५० म्हणजे १११० किलो होतो. पिकअप १३०० किलो उचलणारी असेल तर ट्रॅक्टर हौद्यातच बसवता येतो, ट्रेलरची गरज नाही. फक्त हौद्याची लांबी-रुंदी टेपने मोजून घ्यावी. हौदा उंच असल्याने वळणावर गाडी कलते, तेव्हा वेग कमी ठेवावा. शेतकरी बांधाला गाडी लावून हौद्यात ट्रॅक्टर चढवतात. बांध भक्कम आणि हौद्याच्या पातळीत असेल तर ती चांगली रीत आहे.

आता लहान गाडीचा विचार करा. २००५ साली टाटा एस बाजारात आली तेव्हा तिची क्षमता ७५० किलो होती. या वर्गाच्या गाडीत ७८० किलोचा ट्रॅक्टर बसत नाही. लोक म्हणतात, बसत नाही तर ओढू. परंतु हिशेब उलट आहे. ट्रेलर ४०० किलोचा धरला तर ट्रॅक्टर व रोटाव्हेटरसह मागे १३६० किलो झाले. गाडीचे स्वतःचे वजन साधारण ८०० ते ९००. म्हणजे मागचे ओझे पुढच्या गाडीपेक्षा भारी. सपाटीवर इंजिन ते ओढीलही, पण उतारावर थांबवणार कोण? जी गाडी ट्रॅक्टर उचलू शकत नाही, ती बहुधा ओढण्यासही लायक नसते. अशा वेळी फेरीपुरती मोठी गाडी भाड्याने घेणेच स्वस्त पडते.

ट्रेलर कामाचा केव्हा? पिकअप मोठी आहे, हौद्यात दुसरा माल किंवा अवजारे न्यायची आहेत, दिवसातून दोन-तीनदा ट्रॅक्टर चढवायचा-उतरवायचा आहे, तेव्हा. त्यातही कंपनीच्या पुस्तिकेत ओढण्याचे वजन दिले आहे का, ते वाचावे. मागे दिसणारा हूक बहुधा अडकलेली गाडी ओढून काढण्यापुरता असतो. पुस्तिकेत ओढण्याचा आकडा नसेल तर ट्रेलरचा नाद सोडावा.

ट्रॅक्टरची ट्रॉली चालेल का?

नाही. दोनचाकी ट्रॉलीची रचना अशी असते की, बराच भार पुढे ट्रॅक्टरच्या हुकावर यावा. त्याने ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांना पकड मिळते. तोच भार पिकअपच्या मागच्या टोकावर आला तर पाटे दबतात, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगचा ताबा सुटू लागतो. शिवाय अशी ट्रॉली शेतीच्या ट्रॅक्टरमागे चालण्यासाठी असते.

ट्रेलर कसा असावा?

पहिली गोष्ट, अ‍ॅक्सलची जागा. एकूण भाराचा साधारण दहावा हिस्सा पुढे हुकावर यावा. फार कमी आला तर ट्रेलर हेलकावे खातो, फार जास्त आला तर पिकअपची शेपटी दबते. सोपा हिशेब असा : हुकापासून अ‍ॅक्सल दहा फुटांवर असेल तर ट्रेलर व ट्रॅक्टर मिळून भाराचा मध्य अ‍ॅक्सलच्या एक फूट पुढे पडला पाहिजे. आमच्या ट्रेलरचा अ‍ॅक्सल मध्यभागी होता आणि रोटाव्हेटर मागे लोंबत होता, म्हणजे भार मागे गेला. रोटाव्हेटर सोडवून पिकअपच्या हौद्यात ठेवला असता तर मागचे वजन १३६० वरून ११८० वर आले असते आणि हुकावर सुमारे ११८ किलो ठेवता आले असते. हे तपासायला मोठे यंत्र लागत नाही. ट्रॅक्टर चढवून ट्रेलर सपाटीवर उभा करावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि दांड्याचे टोक हुकाच्या उंचीवर राहील असा टेकू देऊन तो पोती तोलण्याच्या काट्यावर ठेवावा.

दुसरी गोष्ट, ब्रेक. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोची कमाल मर्यादा आहे, तीही ओढणारी गाडी पुरेशी जड असेल तरच. ट्रॅक्टर घातल्यावर आपला ट्रेलर या मर्यादेच्या पुष्कळ वर जातो. पुढची गाडी थांबली की ट्रेलरचा दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरचा ब्रेक लागतो, अशी यंत्रणा असते. ती बसवलेलाच ट्रेलर घ्यावा. येथे वाचवलेले पैसे पुढे दवाखान्यात जातात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टायर व अ‍ॅक्सल यांची क्षमता एकूण वजनापेक्षा जास्त असावी. हुकाशिवाय वेगळी सुरक्षा-साखळी असावी. मागे ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर हवेत. गळिताच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्यांनी काय होते, हे आपण सर्व जाणतो. तळ जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असावा. रॅम्प लांब असावा, म्हणजे चढ उभा होत नाही.

चढवणे आणि बांधणे

ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल कुलपीने जोडून घ्यावेत. सुटे राहिले तर रॅम्पवर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर फिरतो. उभ्या चढावर पुढून चढवल्यास तोंड उचलण्याचा धोका असतो. चढ उभा असेल तर ट्रॅक्टर उलटा, रिव्हर्समध्ये चढवावा. तोंड मागे झाले की भाराचा मध्य बदलतो, म्हणून हुकावरचा भार पुन्हा पाहून ट्रॅक्टर पुढे-मागे सरकवावा. रॅम्पच्या आजूबाजूला कोणी उभे राहू नये. नंतर गिअर टाकावा, हँडब्रेक लावावा, चाकांना ठोकळे द्यावेत आणि चारही कोपऱ्यांतून साखळीने किंवा घट्ट करता येणाऱ्या पट्ट्याने बांधावे. साखळी चॅसीला बांधावी, स्टिअरिंगच्या रॉडला कधीही नाही. दोन-तीन किलोमीटरवर थांबून पुन्हा ताण पाहावा. वाटेत ट्रेलर हेलकावू लागला तर जोरात ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे आणि कलम ६१ प्रमाणे त्याची नोंदणी लागते. त्यामुळे घरी करून घेतलेला बिननोंदणीचा ट्रेलर रस्त्यावर आणू नये. मान्यताप्राप्त बनावटीचा ट्रेलर घ्यावा आणि त्याचा विमाही पाहावा. कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, म्हणून पिकअपला हूक बसवण्याआधी साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयात विचारावे. चालकाचा परवाना ट्रेलरसह चालतो का, हेही तेथेच विचारून घ्यावे. वजन मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. भाड्याचे अनेक दिवस त्यात जातात.

जे बंधू वेल्डिंग व बॉडीचे काम करतात, त्यांना एक विनंती. गिऱ्हाईक किंमत विचारील, आपण वजन विचारावे. ते सांगता आले नाही तर काम हाती घेऊ नये. एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

ट्रेलर घेणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की, सौद्याआधी ट्रॅक्टर अवजारासह वजनकाट्यावर न्या आणि पावती खिशात ठेवा. पिकअपचे आरसी बुक आणि ती पावती शेजारी ठेवली की ट्रेलर घ्यावा की नाही, आणि घेतल्यास कोणता, याचे निम्मे उत्तर तेथेच मिळते. काट्याला थोडे पैसे पडतात. आम्ही ते वाचवले होते.