आईवडिलांचा आरोग्य विमा : एजंट पारखून घ्या

दक्षिण चेन्नईतील वेलचेरी हा एके काळी तळ्याकाठचा गावठाणवजा भाग होता. आज तिथे उंच इमारती आहेत, रेल्वे स्थानक आहे, मोठमोठे बाजार आहेत. जवळच्या तरमणी भागात आणि जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर संगणक कंपन्या असल्याने नोकरीनिमित्त आलेली परप्रांतीय कुटुंबे इथे बरीच आहेत. मुलगा-सून स्थिरावली की पुण्या-नाशिकचे निवृत्त आईवडीलही मुक्कामाला येतात. हळूहळू शेजार जमतो, चार तमिळ शब्द कानाला ओळखीचे होतात. रक्तदाबाच्या गोळ्या आणि साखरेचे रिपोर्ट मात्र सामानाबरोबरच आलेले असतात. मग आरोग्य विम्याचा विषय निघतो आणि इमारतीतलेच कुणीतरी सांगते, "आमचा एजंट चांगला आहे, दोन दिवसांत पॉलिसी हातात देतो."

पॉलिसी दोन दिवसांत मिळणे अवघड नसते. एजंटची खरी परीक्षा होते ती वडील रुग्णालयात असताना. तेव्हा पस्तावण्याची वेळ येऊ नये म्हणून पारख आधीच करायला हवी.

एजंट कुणाचा माणूस?

एजंटला विमा कंपनी नेमते आणि कमिशनही तीच देते. कायद्याच्या दृष्टीने तो कंपनीचा प्रतिनिधी असतो. एका एजंटला एका वेळी एकाच सर्वसाधारण विमा कंपनीचे आणि एकाच स्वतंत्र आरोग्य विमा कंपनीचे काम करता येते. त्यामुळे "मी सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी देतो" असे कुणी म्हणाले, तर तो एजंट आहे की ब्रोकरचा माणूस, हे स्पष्ट विचारावे. ब्रोकर अनेक कंपन्यांच्या योजना दाखवू शकतो आणि तो ग्राहकाचा प्रतिनिधी मानला जातो. दोघांपैकी कुणाकडेही जायला हरकत नाही, पण आपण कुणाशी बोलतो आहोत हे ठाऊक हवे.

एजंट होण्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक असते. त्याचे नाव व क्रमांक विमा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासता येतात. ओळखपत्र मागताना संकोच करू नये.

आधी प्रकृतीची चौकशी, मग हप्ता

चांगला एजंट हप्त्याचा आकडा सांगण्याआधी प्रकृतीची चौकशी करतो. मधुमेह किती वर्षांपासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, आधी कुठली शस्त्रक्रिया झाली आहे, हे विचारतो आणि जुने कागद मागतो. "साखरेचे लिहू नका, उगाच हप्ता वाढेल" असा सल्ला देणाऱ्याला तिथल्या तिथे नमस्कार करावा. अर्जात दडवलेला आजार पुढे रुग्णालयाच्या कागदांतून उघड होतो आणि कंपनी त्यावर बोट ठेवून दावा नाकारू शकते. सलग ५ वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज या कारणाने दावा नाकारता येत नाही. पण पासष्टीच्या माणसाने ५ वर्षे नशिबावर हवाला ठेवावा का?

शिवाय खरे सांगणे आता पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३ वर्षांवर आला आहे, पूर्वी तो ४ वर्षांपर्यंत असे. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनाही नवी पॉलिसी घेण्याचा मार्ग त्याच वर्षी मोकळा झाला. मात्र प्रकृती पाहून हप्ता ठरवण्याचा किंवा अर्ज नाकारण्याचा अधिकार कंपनीकडे आहेच.

भाषेची अडचण

वेलचेरीतला एजंट तमिळ आणि कामचलाऊ इंग्रजी बोलतो, आजी मराठी आणि थोडी हिंदी. अशा वेळी मुलगा ऑफिसातून फोनवर घाईने उत्तरे देतो, एजंट अर्ज भरतो आणि आजी सही करते. इथेच घोटाळा होतो. आईच्या थायरॉइडच्या गोळ्या मुलाला माहीत असतातच असे नाही. अर्ज भरताना घरातल्या एकाने आईवडिलांशेजारी बसून प्रत्येक प्रश्न मराठीत समजावून सांगावा. कोऱ्या अर्जावर सही कधीही करू नये आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. पॉलिसीबरोबर मिळणारे माहितीपत्रक स्थानिक भाषेत मागता येते. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती न पटल्यास परत करता येते. ते दिवस ती वाचण्यासाठी वापरावेत.

हिशेब कागदावर

ज्येष्ठांच्या पॉलिसीत दोन अटी खिशाला जड जातात. पहिली, खर्चातला वाटा. वाटा ३० टक्के असेल तर ३ लाखांच्या बिलातले ९० हजार रुपये घरातून जातात. दुसरी, खोलीच्या भाड्याची मर्यादा. मर्यादा रोज ५ हजारांची असताना १० हजारांची खोली घेतली, तर भाड्यातला फरक भरावा लागतोच, शिवाय डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च अशा बाबीही त्याच प्रमाणात कापल्या जातात. एजंटला असे एक बिल कागदावर मांडून दाखवायला सांगावे. जो मांडून दाखवतो, त्याला पॉलिसी समजलेली असते.

आणखी एक खूण. "माझ्या कमिशनातले निम्मे परत देतो" हे आमिष बेकायदा आहे. १९३८च्या विमा कायद्यातील ४१व्या कलमाने अशी सूट देण्याला आणि घेण्यालाही मनाई आहे. हप्ता थेट कंपनीच्या नावाने भरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे, तेव्हा पावतीवर त्याची वेगळी रक्कम दिसली तर जाब विचारावा.

जवळचा म्हणजे किती जवळचा?

एजंट शेजारच्या रस्त्यावर राहतो एवढे पुरेसे नाही. रात्री दोनला फोन उचलेल का, कागद घेऊन रुग्णालयात येईल का, हे त्याच्या जुन्या ग्राहकांना विचारावे. त्यातही ज्यांनी दावा केला आहे, त्यांचेच मत मोलाचे. कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर कंपनीने १ तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यावा, असा मे २०२४चा नियम आहे. तो ठाऊक असलेला एजंट अडलेले काम पुढे रेटू शकतो.

वेलचेरीकरांनी एक गोष्ट विसरू नये. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये हा भाग पाण्याखाली गेला होता. कॅशलेस सोय असलेली रुग्णालये एकाच दिशेला नसावीत. पॉलिसीची प्रत एजंटच्या कपाटात किंवा तळमजल्यावरच्या पेटीत न ठेवता सर्वांच्या मोबाइलवर असावी.

गावाकडची पॉलिसी मोडू नका

आईवडिलांची पुण्या-मुंबईत घेतलेली जुनी पॉलिसी असेल, तर ती बंद करून नवी घ्यायला सुचवणारा एजंट आपल्या कमिशनाचा विचार करत असतो. जुन्या पॉलिसीत काढलेली प्रतीक्षेची वर्षे फार मोलाची असतात. कंपनीला नवा पत्ता कळवावा, पत्त्यानुसार हप्ता बदलतो का हे विचारावे. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टेबिलिटीने बदलावी, म्हणजे जुन्या विमा रकमेपुरती ती वर्षे वाया जात नाहीत. यासाठी नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी हालचाल करावी.

७० वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची आयुष्मान योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. खासगी विमा असणारेही तिला पात्र आहेत. आपल्या राज्यात नावनोंदणी कशी होते आणि कोणत्या रुग्णालयात कार्ड चालते, याची चौकशी करावी. यात कमिशन नसल्याने एजंट कदाचित बोलणार नाही. जो आपणहून सांगेल, त्याचा नंबर जपून ठेवावा.

दावा नाकारला गेला तर

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे कार्यालय चेन्नईत आहे, तसेच मुंबई आणि पुण्यातही आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायला हवा.

आईवडिलांनी आयुष्यभर काटकसर करून जमवलेली पुंजी एका आजारपणात जाऊ नये, यासाठी हा सारा खटाटोप असतो. एखाद्या रविवारी दोन-तीन एजंटांना घरी बोलवावे आणि आईवडिलांनाच प्रश्न विचारू द्यावेत. जो त्यांच्याकडे वळून, सावकाश आणि न कंटाळता उत्तरे देईल, त्याचा विचार आधी करावा.