तळावलीचं चर्च नेमकं कुणाचं?

गोव्यातली चर्चं म्हणजे पोर्तुगीजांनी आणलेली पोर्तुगीज वास्तुकला, असं आपण सहज बोलून जातो. तिसवाडीतल्या तळावलीचं सांता आना चर्च पाहिलं की हे म्हणणं अपुरं वाटतं. १६८१ मध्ये सुरू झालेलं त्याचं काम १६९५ मध्ये पूर्ण झालं. दर्शनी भिंत पाच मजल्यांची, दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे. एवढ्याशा गावाला इतकं मोठं चर्च कशाला, असं वाटावं. त्याचा नमुना लिस्बनचा नव्हे, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन पंथीयांच्या ग्रासा चर्चचा. त्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं आणि आज तिथे सुमारे ४६ मीटर उंचीचा एक अर्धा मनोराच उरला आहे. मूळ कसं दिसत असेल, हे समजून घ्यायला आता तळावलीलाच जावं लागतं. भिंती जांभ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. जांभा सच्छिद्र दगड, कोकणच्या पावसात उघडा राहिला की झिजतो. तेव्हा हा पांढरा रंग नुसता साज नाही, जांभ्याची छत्रीच आहे. जुन्या गोव्यातल्याच बॉम जेझस चर्चचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि तिथल्या दगडाची झीज आज काळजीचा विषय आहे. पर्यटकांना आवडणारा तो उघडा लाल दगड मूळ कारागिरांनी दाखवायला ठेवलेलाच नव्हता.

ही चर्चं गोव्याचीच, असं म्हणण्यावर रास्त आक्षेप असा, की तिसवाडीतली देवळं पाडली गेली, १५४१ मध्ये त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं, १५६० पासून इन्क्विझिशन बसलं. सक्तीतून आलेल्या या वास्तुपरंपरेला गोव्याची कसं म्हणायचं? सक्ती नाकारता येत नाही, नाकारूही नये. पण हुकूम कुणाचा आणि घडण कुणाची, हे प्रश्न वेगळे आहेत. दिवाडीच्या पिएदाद चर्चच्या रचनेचं श्रेय आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय पाद्र्याला दिलं जातं. शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांनी १७३८ च्या सुमारास बांधवलेल्या कवळ्याच्या शांतादुर्गा मंदिरात घुमट आणि अर्धगोल कमानी दिसतात. ते मंदिर बांधायला तर कुणी पोर्तुगीजांनी सांगितलं नव्हतं. वास्तुइतिहासकार पाउलो वारेला गोमिश यांनीही या चर्चना पोर्तुगीज वा भारतीय न म्हणता गोमंतकीयच म्हटलं. स्तंभांचे प्रकार युरोपीय आहेत, हे खरं. पण उसन्या घटकांवरून वास्तूची जात ठरवायची, तर कवळ्याचं मंदिरही पोर्तुगीज ठरेल. लोकांनी तर हा वाद घातलाच नाही. सांता आना ही मारियेची आई. जुलैअखेरीस तिच्या फेस्ताला अपत्याची आस असलेली जोडपी तवशी घेऊन येतात, म्हणून नावच पडलं तवशांचं फेस्त.